नव्या विक्री प्रतिनिधींसाठीचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग : चार महिन्यांनंतरचे मत

आमच्या विक्री विभागात रुजू झालेल्या नऊ तरुण प्रतिनिधींसाठी आम्ही बाहेरच्या एका संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग घेतला. त्यांपैकी बहुतेकांची ही पहिलीच नोकरी होती. वर्ग संपून चार महिने झाल्यावर हे मत मी मुद्दामच नोंदवते आहे, कारण शेवटच्या दिवशीच्या उत्साहात लिहिले असते तर त्यात कौतुकाशिवाय काही उरले नसते.

या वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सराव. नवखा प्रतिनिधी भीतीपोटी बोलत सुटतो आणि ग्राहकाला नेमके काय हवे आहे हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून प्रशिक्षकांनी उत्पादनाची माहिती पाठ करून घेण्याआधी प्रश्न विचारायला आणि उत्तर येईपर्यंत शांत राहायला शिकवले. ‘किंमत जास्त वाटते’ असे ऐकताच सवलत पुढे करण्याची घाई न करता ‘कशाच्या तुलनेत?’ असे नम्रपणे विचारणे सोपे वाटते, पण ते सहज जमण्यासाठी आमच्या मुलांना रोल-प्लेच्या, म्हणजे ग्राहक-विक्रेत्याच्या भूमिका घेऊन केलेल्या सरावाच्या, कितीतरी फेऱ्या कराव्या लागल्या. फोन लावायलाच बिचकणाऱ्या एका मुलीला तिचेच रेकॉर्ड केलेले कॉल ऐकवून दर वेळी एकच सुधारणा सांगितली गेली. चार चुका एकदम दाखवल्या असत्या तर तिने बहुधा नोकरीच सोडली असती, असे मला आजही वाटते.

वेळापत्रकही विचारपूर्वक आखलेले होते. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते. तरीही अनेक संस्था दोन दिवसांत सगळा अभ्यास कोंबतात. येथे आठवड्याला दोनच छोटी सत्रे होती आणि प्रत्येक सत्र मागचे टिपण न पाहता आठवण्याने सुरू होत असे. उत्पादनाच्या माहितीची सत्रे मात्र सामान्यच होती.

खरी उणीव मूल्यमापनात आणि वर्गानंतरच्या पाठपुराव्यात आहे. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्यांची प्रतिक्रिया, प्रत्यक्ष शिकणे, कामातील वर्तनात झालेला बदल आणि अंतिम परिणाम. या संस्थेने पहिल्या पायरीचा अर्ज भरून घेतला, एक छोटी चाचणी घेतली आणि तेथेच काम संपवले. मुले पुन्हा कामावर आली तेव्हा काही वरिष्ठांनी त्यांना ‘वर्गातले वर्गात ठेवा, आधी टार्गेट बघा’ असे ऐकवले, आणि महिनाभरात निम्मी मुले पुन्हा पाठ केलेली पिच, म्हणजे विक्रीचे ठरावीक बोलणे, म्हणू लागली. ज्यांच्यासोबत टीम लीडर जॉइंट कॉलला, म्हणजे ग्राहकाच्या भेटीला एकत्र, जात होते आणि भेटीनंतर दहा मिनिटे बोलत होते, त्यांच्यात मात्र बदल टिकला. वरिष्ठांना वर्गात बसवणे ही आमचीही जबाबदारी होती, पण संस्थेने ते सुचवायलाही हवे होते.

पुढच्या तुकडीसाठी आम्ही हाच वर्ग पुन्हा घेणार आहोत. या वेळी टीम लीडरसाठी दोन स्वतंत्र सत्रे असावीत आणि तिसऱ्या महिन्यात प्रशिक्षकांनी प्रत्येक प्रतिनिधीचे प्रत्यक्ष कॉल ऐकावेत, अशा दोन अटी करारात घातल्या आहेत.