नावाच्या पाट्यांसाठी कस्टमायझर: लेझर चालवणाऱ्या बाईचा अभिप्राय

लाकडी नावाच्या पाट्या लेझरने कापून ऑनलाइन विकणं हे माझं काम. वूकॉमर्सवरच्या (वर्डप्रेस साइटवर ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) माझ्या दुकानाला मी एक प्रॉडक्ट कस्टमायझर जोडलाय. ग्राहक नाव टाइप करतो, फॉन्ट, रंग, आकार निवडतो आणि पाटी कशी दिसेल ते तिथल्या तिथे बघतो.

५ आकार, ६ रंग आणि ४ फॉन्ट यांची व्हेरिएशन्स, म्हणजे पर्यायांच्या सगळ्या जुळण्या, एकेक करून भरायची म्हटली तर एका पाटीच्या १२० नोंदी होतात. कस्टमायझरमध्ये प्रत्येक पर्याय वेगळा राहतो, त्यामुळे एखादा रंग संपला की एकाच ठिकाणी बंद करायचा. ही सोय मोठीच आहे. तरी अशा टूलची परीक्षा मी एकाच गोष्टीवर घेते: ग्राहकाने जे पाहिलं तेच मशीनपर्यंत पोचतं का?

फाइलपुरतं तरी पोचतं. ऑर्डरसोबत एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या रूपातली चित्राची फाइल, येते आणि तिच्यात अक्षरांची आउटलाइन झालेली असते, म्हणजे अक्षरं मजकूर न राहता नुसते आकार झालेली असतात. नुसता मजकूर आला आणि मशीनच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर भलताच फॉन्ट लागतो. 'श्रद्धा'सारखी जोडाक्षरंही नीट उमटतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा स्लायडर मात्र आधी बंद करा. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, आणि कापून काढलेल्या नावाची सगळी अक्षरं तीच तर धरून ठेवते.

अडचण आहे ती लाकडाची. प्रीव्ह्यूमध्ये 'मंदार'वरचा अनुस्वार छान दिसतो, पण तो कशालाच चिकटलेला नसतो. कापला की सुटून पडतो. उलट पाटीतच अक्षरं आरपार कापली तर 'व'च्या पोटातला तुकडा गळतो. टूल याची काहीच सूचना देत नाही. पण स्वतःचे फॉन्ट चढवू देतं, आणि त्यासाठी मी त्याला मनापासून दुवा देते. मुक्तासारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये बदल करायची मुभा असते. मी अनुस्वाराला बारीक दांडी जोडून नव्या नावाने फॉन्ट तयार केला आणि दुकानात तोच ठेवला. आता ग्राहकाला दांडीसकट नाव दिसतं.

फोटो कोरून घेण्याच्या पर्यायात टूल कच्चं आहे. १० सेंटीमीटर रुंदीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १,१८१ पिक्सेल लागतात. हे ४०० पिक्सेलचा फोटोही मुकाट्याने घेतं. छोट्या स्क्रीनवर फोटो स्वच्छ दिसतो, म्हणून ग्राहकाला शंकाही येत नाही. किमान पिक्सेलची अट घालायची सोय हवीच. तोवर फोटो कोरायच्या ऑर्डरी मी हाताने तपासूनच पुढे पाठवते.

फॉन्टची भली मोठी यादी सोबत मिळते, ती दाखवू नका. आपण स्वतः कापून पाहिलेत तेवढेच ठेवा.