कात्रणांची वही बांधायची असेल तर सांगलीतलं हे दुकान

हरभट रोडच्या आतल्या गल्लीत एक बाइंडिंगचं दुकान आहे. पाटी नाही, कोपऱ्यावर कुणालाही विचारा. वडिलांनी जमवलेली राजकीय व्यंगचित्रांची कात्रणं मी तिथं बांधायला दिली. २०१९ च्या पुरात ती ट्रंकेतच भिजली आणि एकमेकांना चिकटून बसली होती.

दुकानवाल्या काकांनी टीपकागद घालून एकेक कात्रण सावकाश सोडवलं. मैद्याच्या खळीत ते मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. शिलाई जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्या दोऱ्यानं एकमेकींना शिवलेल्या, त्यामुळं वही अगदी सपाट उघडते. पण मी त्यांना मानलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एरवी कडा मशीनवर सरसकट छाटतात. काकांनी हात थांबवून विचारलं, "ताई, वरची तारीख जाईल बघा. चालंल का?" अजिबात नाही! मग प्रत्येक कात्रण त्यांनी कोऱ्या पानावर डकवलं, कडेला बोट लावलं नाही.

राजकीय व्यंगचित्राचा जीव तारखेत असतो. व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं चित्र बघा. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच वटहुकमावर सही करून तो दाराबाहेर देतायत, आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणतायत. तारीख काढली की हा नुसता आंघोळीवरचा विनोद. आणीबाणी आणि सेन्सॉर आठवा, मग धार कळते. अग्रलेखात जे लिहायची सोय नव्हती, ते अबूंनी टबात बसवून दाखवलं. त्याच वर्षी 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक बंद झालं.

वहीत 'मार्मिक'चीही पानं आहेत. १९६० साली त्याचं प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. राज्यकर्त्यांना फटकारणाऱ्या साप्ताहिकाला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचा माणूस स्वतः हात लावतो, याचं मला फार अप्रूप आहे. आज किती नेते जातील?

दुकानाची तक्रार एवढीच, की सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही आणि काका फोन उचलत नाहीत. कापडही लाल नाहीतर काळं, तिसरा रंग नाही. दर मात्र वाजवी, ४०० रुपयांत जाड पुठ्ठ्याची वही होते. कात्रणं वर्षवार लावूनच न्या, आणि डकवायच्या आधी क्रम एकदा समोर बसून तपासा.