एक मैदान, सहा दावेदार: पहिला अर्ज, सोडत की फिरती पाळी?

मैदान वाटून द्यायची वेळ आली की समितीपुढे तीन रस्ते येतात. जो आधी अर्ज करेल त्याला द्यायचे, सोडत काढायची, किंवा हंगामाचे वेळापत्रक बांधून पाळी फिरवत ठेवायची. चौथाही एक आहे, ‘पूर्वापार ज्याचे त्याचे’, पण तो कुणाला निवडावा लागत नाही. काहीच ठरवले नाही तर तोच चालू राहतो. पुढचा आढावा वॉर्डातल्या किंवा गावातल्या अशा मैदानासाठी आहे, जिथे क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, शाळेचे संघ, सकाळी चालणारे आणि कुठल्याही मंडळात नसलेली आसपासची मुले, सगळ्यांनाच जागा हवी आहे. माझा कल कुठे आहे ते वाचताना लपणार नाही. तरी प्रत्येक पद्धतीची जमेची बाजू मान्य करूनच पुढे जातो.

पूर्वापार हक्काला नुसते झिडकारून चालत नाही. मुंबईच्या आझाद मैदानावर आणि क्रॉस मैदानावर जुन्या क्लबांचे प्लॉट आणि तंबू आहेत. एका खेळपट्टीचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला उभा दिसतो, तरीही खेळ सुरळीत चालतो. खेळपट्टी ‘आमची’ म्हणणारा कुणी असला की माळ्याचा पगार, रोलर, मॅटिंग आणि पावसाळ्यातले झाकण यांची काळजी तोच घेतो. हा हक्क काढून घेतला आणि देखभाल कुणाच्या नावावर लावली नाही, तर वर्षभरात त्या पट्टीचा ओबडधोबड रस्ता होतो. त्यामुळे कुठलीही नवी पद्धत आणताना पहिले कलम देखभालीचे असावे: पाणी कोण मारणार, रोलर कोण फिरवणार, आणि त्या कामाच्या बदल्यात त्याला काय मिळणार. माझ्या मते मोबदला म्हणून आठवड्यातली एक ठरलेली वेळ द्यावी. अख्खे मैदान देऊ नये.

पहिला अर्ज

ही पद्धत स्वच्छ दिसते. समिती लागत नाही, बैठक लागत नाही, कुणाची शिफारस चालत नाही, वेळेची नोंद सगळ्यांसमोर असते. ज्या मैदानाला मागणी कमी आहे तिथे यापेक्षा चांगले काही नाही. शहराच्या टोकाला नवे मैदान झाले असेल आणि निम्म्या वेळा रिकाम्या जात असतील, तर पुढचे सगळे वाचण्याची गरज नाही. हेच करा.

मागणी वाढली की मात्र ही पद्धत नोंदणी उघडण्याच्या क्षणी कोण फोन हातात घेऊन बसलेला आहे, याची शर्यत होते. मोठ्या अकादमीकडे त्या कामाला माणूस असतो. मुलींच्या खो-खो संघाची ताई त्याच वेळी शाळेत शिकवत असते, आणि कबड्डी मंडळाचा सचिव कामावर. शिवाय एकच संस्था तीन नावांनी येते: अकादमी, तिचा ट्रस्ट आणि तिचाच क्लब. यावर सोपा उपाय आहे. नोंदणीबरोबर खेळाडूंची यादी घ्यावी, नाव, जन्मवर्ष आणि पिनकोड एवढीच. दोन याद्यांत निम्म्याहून जास्त नावे समान निघाली तर तो एकच गट धरावा. हे केले की अर्जांची संख्या ठळकपणे खाली येते.

पण माझ्या लेखी या पद्धतीचा निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे: नोंदवलेली आणि रिकामी पडलेली वेळ. लागेल की नाही ते माहीत नसतानाही महिनाभराच्या वेळा अडवून ठेवल्या जातात, कारण आज सोडल्या तर उद्या मिळणार नाहीत ही भीती सगळ्यांनाच असते. मग बुधवारी सकाळी सव्वाआठला मैदान मोकळे असते, कुंपणाबाहेर मुले बॅट घेऊन उभी असतात आणि रखवालदार सांगतो, ‘बुकिंग आहे.’ कागदावर मैदान भरलेले, प्रत्यक्षात ओसाड. अपुऱ्या जागेची इतकी नासाडी दुसऱ्या कुठल्याही कारणाने होत नाही असे मला वाटते. मोजमाप कुणी ठेवत नाही, पण सलग काही आठवडे फाटकाशी उभे राहून पाहणाऱ्याला ते कळते.

यावर बहुतेक ठिकाणी दंड किंवा अनामत जप्त करण्याचा नियम असतो. त्याचा परिणाम उलटा होतो. फी घेऊन वर्ग चालवणाऱ्या अकादमीला तो दंड खर्चाच्या खात्यात टाकता येतो, आणि पैसे भरल्यावर वेळ रिकामी ठेवणे हा जणू तिचा हक्कच होतो. मंडळाला मात्र तेवढीच रक्कम भारी पडते. म्हणून शिक्षा रुपयांत नसावी, पाळीत असावी. तसे करायचे तर आधी पाळी असावी लागते. पहिल्या अर्जाच्या पद्धतीत कापून घ्यायला पुढची पाळीच नसते, तिथेच ती अडते.

सोडत

सोडतीइतका विश्वास दुसऱ्या कशावर बसत नाही. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या, एखाद्या लहान मुलाच्या हाताने काढलेल्या. हरणाऱ्यालाही तक्रारीला जागा उरत नाही. एका दिवसाच्या स्पर्धा, सुट्टीतल्या टूर्नामेंट, दोन गटांचे सगळे बरोबरीत असताना निर्णय करणे, यासाठी सोडतच घ्यावी. एक खबरदारी मात्र हवी: चिठ्ठी गटाची टाकायची, अर्जाची नाही. नाहीतर दहा अर्ज करणाऱ्याच्या दहा चिठ्ठ्या होतात.

नियमित सरावाला ती मानवत नाही. दहा-बारा वर्षांच्या तीस मुलांची बॅच एका आठवड्यात मंगळवारी सकाळी, दुसऱ्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी भरवता येत नाही. पालकांची कामे, शाळेचे सत्र, रिक्षाची वेळ, सगळे ठरलेल्या घड्याळावर चालते. आधी गळतात त्या मुली, कारण घरून परवानगी ठराविक वेळेचीच मिळालेली असते. वर्षातून एकदाच सोडत काढली तर हा त्रास टळतो, पण मग ज्याला दुपारी दोनची वेळ लागली तो वर्षभर उन्हात. नशीब समान होते म्हणून वाट्याला आलेले समान झाले, असे होत नाही.

फिरती पाळी

हिला मेहनत लागते, हे आधीच सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला दोन बैठका, एक नोंदवही आणि ती लिहिणारा एक माणूस. एवढे मनुष्यबळ नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पहिले काम उजेड मोजण्याचे. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सहाला मावळतो. मे महिन्यात तो सहाला वर आलेला असतो आणि संध्याकाळी सात वाजून गेल्यावर बुडतो. एप्रिलमध्ये साडेपाच ते सात ही पाळी ज्याला दिली, त्याच्या हातात नोव्हेंबरअखेर जेमतेम अर्धा तास उरतो. भांडणे निम्मी इथूनच सुरू होतात. म्हणून वेळापत्रके तीन करावीत: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. पावसाळा म्हणजे फुटबॉल असे सरसकट धरू नये. मुंबईत १९४८ पासूनची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा पावसाळ्यातलीच आहे, आणि तिच्यात खेळणाऱ्या संघाला पावसाळ्यातही विकेट, म्हणजे खेळपट्टी, हवी असते.

हिवाळ्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. पाळी दीड तासाची. आठवड्याच्या पाच दिवशी सकाळी दोन (पावणेसात ते सव्वाआठ, सव्वाआठ ते पावणेदहा) आणि संध्याकाळी एक (साडेचार ते सहा), म्हणजे पंधरा. शनिवार-रविवार सकाळी तीन, दुपारनंतर दोन, म्हणजे दहा. एकूण २५. सोमवारी मैदानाला विश्रांती द्यावी. रविवारच्या खेळाने उखडलेली पट्टी पाणी मारून, वाळू देऊन, रोलर फिरवल्याशिवाय पुन्हा खेळण्यालायक होत नाही. राहिल्या २२. त्यातल्या चार कुणालाच देऊ नयेत, त्या नाव नसलेल्या मुलांच्या. उरल्या १८, गट सहा, प्रत्येकी तीन.

आता कोणत्या तीन? इथे निवड आळीपाळीने करायची, पण उलटसुलट. सोडतीने एक ते सहा क्रम लावावा. पहिल्या फेरीत एक ते सहा प्रत्येकाने एक पाळी उचलायची. दुसऱ्या फेरीत सहाव्यापासून पहिल्याकडे यायचे, तिसरीत पुन्हा एक ते सहा. रविवारची सकाळ ज्याने घेतली त्याची दुसरी निवड सर्वांत शेवटी येते. फेऱ्या तीन असल्याने पहिल्याला थोडे झुकते माप मिळते. ते पुढच्या हंगामात सहाव्यापासून सुरुवात करून फेडायचे. कालव्याचे पाणी शेतांना पाळीने देण्याच्या शेजपाळीत शेपटाकडच्या शेतापासून पाणी सुरू करतात, तोच न्याय. नंतर गटांनी आपसांत अदलाबदल केली तर करू द्यावी, फक्त नोंदवहीत लिहून. भाड्याने देणे मात्र बंद. पाळी दुसऱ्याला विकताना सापडला तर ती पाळी समितीकडे परत.

गटांनी स्वतः निवडले की एक फायदा दिसतो: सगळे एकाच वेळेसाठी भांडत नाहीत. दुपारच्या सत्रातल्या शाळेची मुले सव्वाआठची पाळी आनंदाने घेतात, जी नोकरदारांच्या क्लबला नकोच असते. कबड्डी मंडळाला १३ बाय १० मीटरचे मातीचे अंगण आणि दोन दिवे मिळाले तर कामावरून परतल्यावर रात्री आठला त्यांचा सराव होतो. त्यांना दिवसाउजेडीची पाळी देणे म्हणजे ती वाया घालवणे. मुलींच्या संघांना मात्र निवडीत एक सवलत असावी: अंधारापूर्वी संपणारी एक पाळी त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावी.

आणि रिकाम्या वेळेचा नियम, ज्यासाठी हे सगळे करायचे. पाळी सुरू होऊन वीस मिनिटांत निदान सहा खेळाडू आले नाहीत, तर मैदान त्या वेळेपुरते खुले. कुंपणाबाहेरचे आत. फोनवरून ‘येतोच आहोत’ चालणार नाही. आदल्या रात्री आठपर्यंत पाळी सोडत असल्याचे कळवले तर दोष नाही. न कळवता महिन्यात दोनदा रिकामी ठेवली, तर पुढच्या हंगामात तो गट निवडीच्या क्रमात शेवटी. पैशाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे अकादमी आणि मंडळ दोघांनाही सारखेच लागते. हा नियम पाळला गेला की पाळ्या आपणहून सोडल्या जाऊ लागतात.

पद्धत बिघडते ती अशा ठिकाणी. दोन पाळ्यांमध्ये अंतर ठेवले नाही तर नेट उतरवणे आणि गोलपोस्ट हलवणे पुढच्याच्या वेळेत जाते, म्हणून शेवटची दहा मिनिटे आवराआवरीची धरावीत. फुटबॉलच्या बुटांचे स्टड ओल्या विकेटवरून गेले की खड्डे पडतात आणि ते वाळल्यावर चेंडू कसाही उडतो. त्यासाठी फुटबॉलचे मैदान आखतानाच विकेट बाजूच्या रेषेबाहेर जाईल असे आखावे, आणि तिला दोरी बांधावी. सीझन बॉलचा, म्हणजे कठीण कातडी चेंडूचा, सराव चालू असताना मैदानात दुसरा कुठलाही गट असू नये. एकत्र ठेवायचेच असेल तर सीझन बॉल नेटमध्येच, आणि वेगवान गोलंदाजाची धाव धरून नेटला निदान ३५ मीटर लांबी. टेनिस बॉल आणि कडेने चालणारे यांचे जमते.

सभा, मंडप, मेळे यांचे दिवसही आधीच वजा करावेत. शिवाजी पार्कवर दसरा, ६ डिसेंबर, १ मे हे दिवस सगळ्यांना ठाऊक असतात. तुमच्या मैदानाचेही असे दिवस असतीलच. मंडपाचे बांबू रोवल्याने आणि काढल्याने पडणारे खड्डे बुजवण्याचे दोन-तीन दिवस त्यात धरावेत. गेलेल्या पाळ्या एकाच गटाच्या असतील तर खुल्या चारांतून एखादी त्यांना तात्पुरती द्यावी, पण चारही देऊ नयेत.

ज्यांना एवढे सगळे एकदम पेलणार नाही, त्यांनी आठवड्याचे पाच दिवस आहे तसेच पहिल्या अर्जावर चालू द्यावेत आणि फक्त शनिवार-रविवारच्या सकाळच्या सहा पाळ्या फिरत्या कराव्यात. वीस मिनिटांचा नियम मात्र सातही दिवस लावावा, आणि तो फाटकावर मोठ्या अक्षरांत, रखवालदाराला वाचून दाखवता येईल असा लिहावा.