हिब्रू अक्षरांची बावीस कार्डं: कार्डं घ्या, पुस्तिका जपून वाचा

दिवाळीच्या सुट्टीत हा संच मागवला. २२ जाड कार्डं, ६४ पानांची पुस्तिका आणि रविवारी सकाळचे सहा ऑनलाइन वर्ग, सगळं मिळून २,३५० रुपये. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण असे संच आता बरेच जण विकतात आणि आतला मजकूर थोड्याफार फरकानं तोच असतो. मी वडोदऱ्यात फतेगंजला राहते. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. दर बुधवारी आमच्याकडे आठ-नऊ जणी बायबल वाचायला जमतात, त्यांच्यासाठीच हा खर्च केला.

ओढ मात्र लहानपणापासूनची. माझं माहेर नगरचं. आजीच्या बायबलात स्तोत्र ११९ उघडलं की दर आठ वचनांवर आलेफ, बेथ, गिमेल असे शब्द दिसायचे. ही कुणा माणसांची नावं असतील असं मला वाटे. पुढे कळलं की ती हिब्रू अक्षरं आहेत. बावीस अक्षरं, प्रत्येकाची आठ वचनं, एकूण १७६. आलेफच्या आठही वचनांची सुरुवात आलेफनं, बेथच्या आठांची बेथनं. इतक्या प्रेमानं वर्णमाला ओवणाऱ्या माणसाची अक्षरं आपल्याला ओळखता यावीत, एवढीच इच्छा होती.

त्या कामाला कार्डं खरोखर उत्तम आहेत. हाताला भरीव लागतात, कडा मुडपत नाहीत. पुढच्या बाजूला आजचं चौकोनी वळणाचं अक्षर, मागे जुनं चित्र: आलेफ म्हणजे बैलाचं डोकं, बेथ म्हणजे घर, मेम म्हणजे पाणी, आयिन म्हणजे डोळा. आमच्यातल्या सत्तर वर्षांच्या मावशींनी तीन बुधवारांत सगळी अक्षरं पाठ केली. एक दोष मात्र सांगायलाच हवा. 'हे' या अक्षराच्या डाव्या पायाला वर थोडी फट असते, ती छपाईत शाईनं भरून गेली आहे. फट बुजली की 'हे'चं 'हेथ' होतं, अक्षरच बदलतं. हिब्रूत असल्या बारकाव्यावर फार काही अवलंबून असतं. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात ६:४ मधल्या 'परमेश्वर एकच आहे' या वचनात 'एक' म्हणजे 'एहाद'. त्याचं शेवटचं अक्षर दालेथ हस्तलिखितांत मुद्दाम मोठं काढतात. दालेथचा कोपरा गोल झाला तर ते रेश दिसतं, आणि 'एक'च्या जागी 'दुसरा' असं वाचलं जाईल. असं अक्षर छापताना काळजी घ्यायला हवी होती.

आता पुस्तिका. तिचा दावा असा की प्रत्येक पवित्र शब्दात अक्षरांच्या चित्रांनी लिहिलेला गुप्त संदेश आहे. चित्रांचा इतिहास खरा आहे, हे आधी सांगते. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल-खादिम इथं पिरोजाच्या खाणी होत्या. तिथं १९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्शियन चित्रांसारख्या, पण वेगळ्याच खुणांचे लेख सापडले. १९१६ मध्ये प्राचीन इजिप्तचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी त्यातला एक शब्द लावला: 'बालत', म्हणजे स्वामिनी, तिथल्या हाथोर देवीचं बिरुद. किल्ली सोपी होती. घराचं चित्र काढायचं, घराला 'बैत' म्हणतात, म्हणून त्या चित्राचा उच्चार फक्त 'ब'. आपण 'क कमळाचा' शिकवतो ना, तसंच. माझ्या वर्गातल्या मुलांनी 'कमळ' लिहिलं तेव्हा 'क'मध्ये कमळ होतं म्हणून कुणी 'मळ'चा वेगळा अर्थ काढत बसलं नाही. चित्राचं अक्षर झालं म्हणजे चित्राचं काम तिथंच संपलं.

पुस्तिका नेमकं हेच विसरते. 'आव' (स्वरानंतर बेथचा उच्चार 'व' होतो) म्हणजे बाप: आलेफ बैल, बेथ घर, म्हणून 'घराचं बळ'. वाचताना डोळे भरून येतात, माझेही आले. पण हीच दोन अक्षरं उलटी ठेवली की 'बा' होतं, म्हणजे 'तो आला'. मग घरचं बळ येतं कुठून आणि जातं कुठे? शिवाय बापाला बाबिलोनी लोकही 'अबू' म्हणत आणि कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत लिहीत. तिथं ना बैल, ना घर. शब्द तोंडी होता, अक्षरं मागून आली.

माझी खात्री पटली ती 'दावार' या शब्दावर. 'तुझे वचन माझ्या पावलांकरता दिवा', स्तोत्र ११९ मधलं १०५वं वचन, त्यातलं 'वचन' म्हणजे हाच शब्द. दालेथ दार, बेथ घर, रेश डोकं. पुस्तिकेत याचा अर्थ 'घराच्या दारात उभा असलेला कर्ता'. पण बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुराढोरांवर मरी येते, तिला शब्द आहे 'देवेर'. अक्षरं तीच: दालेथ, बेथ, रेश. हिब्रूत स्वर मुळात लिहीत नसत, स्वरचिन्हं कितीतरी शतकांनी आली. हे आपल्याला परकं नाही. आजोबांचे मोडीतले कागद वाचताना 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. मग दारातला तो कर्ता देवाचं वचन आहे की मरी? मी हे ऑनलाइन वर्गात विचारलं. शिकवणाऱ्यांनी "बहनजी, श्रद्धा रखिए" एवढंच म्हटलं आणि पुढच्या कार्डावर गेले. मला ते फार लागलं. प्रश्न मी श्रद्धेपोटीच विचारला होता.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे देवाचं चार अक्षरी नाव: योद, हे, वाव, हे. पुस्तिका म्हणते, योद हात, 'हे' म्हणजे पाहा, वाव खिळा, म्हणून 'हात पाहा, खिळा पाहा', म्हणजे क्रूसावरचा येशू. मी ते बुधवारी मोठ्यानं वाचलं आणि आमच्यातली एक विधवा बाई हुंदके देऊन रडली. रात्री झोप लागली नाही म्हणून मी निर्गम उघडलं. २७:१० मध्ये निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, अंगणातल्या खांबांना ज्या चांदीच्या आकड्या आहेत, त्यांना मूळ शब्द 'वाव' हाच आहे. पडदे अडकवायची आकडी. हाता-पायांत ठोकायचा खिळा नव्हे. आणि नावाचा अर्थ तर ३:१४ मध्ये उघडच दिलेला आहे: 'मी आहे तो आहे'. 'असणे' या धातूशी जोडलेलं नाव. देवानं स्वतः मोशेला तोंडानं सांगितलेला अर्थ बाजूला ठेवून आपण चित्रात दुसरा शोधायचा, हे मला पटेना. पुढच्या बुधवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी मी वाचलं ते चुकीचं होतं. ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, 'मी आहे' हे मला पुरेसं आहे."

अक्षरांत अर्थ पाहणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्ञानदेवांनी अकारात गणेशाचे पाय पाहिले, उकारात पोट, मकारात मस्तक. ती कवीची भक्ती, आणि ती भक्ती म्हणूनच ते मांडतात. यहुदी गुरूंनीही हे खूप केलं. तालमुद या त्यांच्या धर्मग्रंथात गिमेल-दालेथ याचं 'गरिबांना दे' असं वाचन आहे, 'सत्य' या शब्दात वर्णमालेचं पहिलं, मधलं आणि शेवटचं अक्षर येतं यावरही बोललं आहे. पण तो बोध आहे, लिपीचा इतिहास म्हणून कुणी तो विकला नव्हता. पुस्तिकेनं 'पुरातत्त्वानं सिद्ध' असा शिक्का मारला, आक्षेप त्याला आहे. एका अक्षराबद्दल ती बरोबर आहे, तेही सांगते: ताव म्हणजे खूण, जुनं वळण फुलीसारखं, आणि यहेज्केल ९:४ मध्ये कपाळावर करायची खूण 'ताव'च आहे.

ऑनलाइन वर्गांचे पैसे वाया गेले. दोन वर्ग ऐनवेळी रद्द झाले, भरपाई मिळाली नाही. नुसती कार्डं वेगळी मिळत असतील तर जरूर घ्या, विशेषतः स्तोत्र ११९ वाचणाऱ्यांनी. 'हे'च्या कार्डावरची फट मी ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडून मोकळी केली आहे. येत्या बुधवारी आम्ही ३३व्या वचनापासून वाचणार आहोत, तिथं 'हे' सुरू होतं.