पारंपरिक मुलाखत आणि बहुस्थानक मुलाखत: तयारीतील फरक
अमेरिकेतील फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासून उपचार करणारा व्यावसायिक) अभ्यासक्रमासाठी नागपुरातून अर्ज करणाऱ्याने मुलाखतीचे दोन प्रकार समजून घ्यावेत. पारंपरिक मुलाखतीत एक-दोन परीक्षक अर्ज समोर ठेवून बोलतात आणि 'डॉक्टर न होता हाच व्यवसाय का?' हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात सुरू झालेला हा व्यवसाय आपल्याकडे फारसा परिचित नसल्यामुळे (आजीला समजावून सांगता आला, तर निम्मी तयारी झाली असे मानावे) उत्तरात व्याख्येपेक्षा 'मेडिकल'च्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, बाह्यरुग्ण विभागात स्वतः पाहिलेला प्रसंग अधिक उपयोगी पडतो.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात आकारास आलेल्या बहुस्थानक मुलाखतीत मात्र दर काही मिनिटांनी प्रसंग आणि परीक्षक दोन्ही बदलतात: सहकाऱ्याची चूक झाकावी का, संतापलेल्या नातेवाइकांशी कसे बोलावे. येथे पाठांतर उघडे पडते. घड्याळ लावून मित्रांसमोर मोठ्याने केलेला सरावच कामी येतो. वेळ कमी असेल, तर माझ्या मते याच सरावाला प्राधान्य द्यावे, कारण त्यातून आलेला नेमकेपणा पारंपरिक मुलाखतीतही उपयोगी पडतो. मुलाखत ऑनलाइन असल्यास हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे नागपूरचे संध्याकाळचे साडेसात, एवढे दोन्हींत सारखेच.