डबल-ए की ट्रिपल-ए? पिचर घडताना कुठे पाहावा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून २८७ महामार्ग धरला की ब्रिजवॉटरचं बेसबॉल मैदान अर्ध्या तासाच्या आत येतं. अ‍ॅलनटाउनला ७८ वरून तास-सव्वा तास लागतो, मूझिकला पावणेदोन-दोन तास. नुसत्या अंतरावर ठरवायचं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण उन्हाळ्यातल्या मोजक्या संध्याकाळी हातात असतात, आणि आपण जातो ते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बघायला. फटाके आणि टी-शर्ट फेकणारा मॅस्कट बघायला नाही. अशा माणसाला सॉमरसेट पेट्रियट्स (न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए संघ, २०२१ पासून ब्रिजवॉटरला) आणि लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज किंवा स्क्रँटन/विल्क्स-बॅरे रेलरायडर्स (फिलाडेल्फिया फिलीज आणि यांकीज यांचे ट्रिपल-ए संघ, पहिला अ‍ॅलनटाउनला, दुसरा मूझिकला) यांत निवड करावी लागते. दोन्हीकडे सामना नऊ इनिंगचाच, पण मैदानावर चाललेलं काम वेगळं असतं.

ट्रिपल-ए ही मेजर लीगच्या लगेच खालची पायरी, म्हणजे दुसरी फळी. मेजर लीगचा १६२ सामन्यांचा हंगाम पाच स्टार्टरवर (सामना सुरू करणाऱ्या पिचरवर) सहसा कुणाचा निघत नाही, बहुतेकांना आठ-दहा लागतात. सहावा, सातवा, आठवा ट्रिपल-एत बसलेला असतो, आणि त्यातले बहुतेक आधीच मेजर लीग संघाच्या ४० जणांच्या यादीत असतात. एखाद्या संघाची दुसरी फळी किती भक्कम आहे हे मोजायचं असेल तर ट्रिपल-एच बघायला हवं, त्याला पर्याय नाही. डबल-ए हा त्याच्या खालचा मजला. तिथे पिचर अजून घडत असतो: नवा कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) शिकतोय, चेंजअपवर (फास्टबॉलसारखा दिसणारा पण संथ चेंडू) विश्वास बसत नाहीये, पाचव्या इनिंगला हात खाली येतोय. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एकीकडे भारत ‘अ’, दुसरीकडे रणजी. तुलना ताणू नये, पण अंदाज येतो.

ट्रिपल-एच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २०१९ पासून तिथे मेजर लीगचाच चेंडू वापरतात. डबल-ए आणि त्याखालच्या चेंडूची शिवण उंच असते, त्यामुळे ब्रेकिंग बॉलला, म्हणजे वळणाऱ्या चेंडूला, पकड जास्त मिळते. खाली फूटभर वळणारा स्वीपर वर गेल्यावर आखडतो तेव्हा दरवेळी पिचर बिघडलेला नसतो, बऱ्याचदा चेंडू बदललेला असतो. दुसरं म्हणजे आकडे. २०२३ पासून ट्रिपल-एच्या सगळ्या सामन्यांचा स्टॅटकास्ट डेटा उघड आहे: प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, उभं-आडवं वळण. घरी आल्यावर आपण डोळ्यांनी पाहिलेलं ताडून बघता येतं. डबल-एत ही सोय प्रेक्षकाला नाही. संघांकडे सगळं असतं, आपल्याकडे फक्त स्कोअरबोर्डवरचा वेग, तोही लावला तर.

तिसरी गोष्ट बॅटर. ट्रिपल-एत २८-३० वर्षांचे, मेजर लीगमध्ये दोन-तीनदा जाऊन आलेले लोक असतात. स्ट्राइक झोनबाहेर (बॅटरसमोरच्या वैध पट्ट्याबाहेर) जाणाऱ्या स्लायडरला ते सहज बळी पडत नाहीत. त्यात एबीएस, म्हणजे चेंडू झोनमध्ये (स्ट्राइक) की बाहेर (बॉल) याचा कॅमेऱ्यावरचा निकाल. २०२३ मध्ये तो ट्रिपल-एच्या सर्व ३० मैदानांवर आला, आणि २०२४ च्या मध्यापासून फक्त आव्हान दिल्यावर वापरायचा असं ठरलं. कॅचरने हळूच आत ओढलेल्या चेंडूवर जगणाऱ्या पिचरचं तिथे पितळ उघडं पडतं. ब्रँडन स्प्रोटचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या बिंगहॅम्प्टन इथल्या डबल-ए संघात त्याने बॅटर अक्षरशः गुंडाळले, आणि त्याच उन्हाळ्यात मेट्सच्या सिरक्यूज इथल्या ट्रिपल-ए संघात पोचल्यावर ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) सातच्या वर गेला. अँड्र्यू पेंटर १९ व्या वर्षीच डबल-एपर्यंत पोचला होता. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२५ मध्ये अ‍ॅलनटाउनला आला तेव्हा त्याचा ईआरएही पाचच्या वरच राहिला. डबल-एतल्या स्ट्राइकआउटवर (तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटरवर) भाळून भविष्य वर्तवणाऱ्याने ही दोन नावं खिशात ठेवावीत.

एवढं सगळं मान्य करूनही माझं पारडं डबल-एकडे झुकतं. कारण एकच, आणि ते वरकरणी क्षुल्लक वाटेल: ट्रिपल-एत जो पिचर बघायला जावं तो त्या दिवशी असेलच याचा भरवसा नाही.

हे असं का होतं ते जरा खोलात बघण्यासारखं आहे. वरच्या संघाच्या स्टार्टरचा खांदा धरला की त्याच्या जागी ट्रिपल-एतला सर्वांत चांगला पिचर जातोच असं नाही. बहुधा ज्याची पाळी त्या दिवसाशी जुळते तो जातो. त्यामुळे बोलावणं यायच्या आधीच त्याची पाळी रोखून धरतात. कुणी जखमी होईल, पावसाने डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने) लागेल, असं काहीही वाटलं की त्याला ‘तयार’ ठेवायचं, म्हणजे प्रत्यक्षात डगआउटमध्ये सूर्यफुलाच्या बिया चघळत बसवायचं. त्याच्या जागी सामना सुरू करतो कुठला तरी रिलिव्हर (एरवी स्टार्टरनंतर येणारा पिचर), आणि मग सात-आठ जण एकेक-दोन-दोन इनिंग टाकून रात्र भरून काढतात. वेळापत्रकात पिचरच्या नावापुढे ‘ठरायचं आहे’ एवढंच असतं, तेही सामन्याच्या दुपारपर्यंत.

उलट दिशेनेही हाच गोंधळ. खाली पाठवलेल्या पिचरला, जखमी खेळाडूच्या जागी घेतलं नाही तर, किमान १५ दिवस खालीच राहावं लागतं. एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा त्याला असं वर-खाली करता येत नाही. नियम चांगल्या हेतूचा आहे, पण परिणाम असा की संघाला माणसांचा साठाच मोठा लागतो: आज करार, उद्या यादीतून बाहेर, परवा वेव्हर्सवरून (सोडलेला खेळाडू दुसऱ्याने उचलण्याच्या पद्धतीने) दुसऱ्याच संघात. जूनमध्ये लक्षात ठेवलेली बुलपेन (रिलिव्हरांचा ताफा) ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही. वर मेजर लीगचा कुणी दुखण्यातून सावरत असेल तर तो रिहॅबसाठी येऊन पहिल्या तीन इनिंग घेतो, आणि आपला तरुण चौथ्या इनिंगला रिलिव्हरसारखा येतो. त्याची नेहमीची तयारी, वॉर्मअपची वेळ, सगळंच विस्कटलेलं. अशा रात्री त्याच्याबद्दल काही ठरवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

डबल-एत हे फार कमी होतं. मायनर लीगचं वेळापत्रक मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी, असं असतं. सहा स्टार्टरची पाळी असली की प्रत्येकाचा वार ठरलेला. बुधवारचा पिचर पुढच्या बुधवारीच. पाच जणांची असेल तर मंगळवारचा रविवारी परत येतो आणि वार सरकतात. तेवढा हिशेब बोटांवर होतो. मंगळवारी पाऊस पडला तर बुधवारी सात-सात इनिंगचा डबलहेडर लागतो आणि एका तिकिटात दोन स्टार्टर बघायला मिळतात, मात्र त्या आठवड्यापुरते वार कोलमडतात. घरची मालिका साधारण आठवड्याआड असते, म्हणून एकच पिचर दोन आठवड्यांच्या अंतराने बघता येतो. पिचर घडतोय की नाही हे कळायला हेच अंतर लागतं. पहिल्या वेळी चेंजअप उंच राहत होता, दुसऱ्या वेळी गुडघ्याखाली पडतोय का? हे एका सामन्यात दिसत नाही, आणि ट्रिपल-एत दुसरा सामना मिळेलच असं नाही.

चांगले पिचर ट्रिपल-एत थांबतात तरी किती? पॉल स्कीन्स २०२४ मध्ये इंडियानापोलिसला (पिट्सबर्गचा ट्रिपल-ए संघ) सात वेळा माउंडवर चढला, २७.१ इनिंग (सत्तावीस आणि एक तृतीयांश), ०.९९ ईआरए, आणि ११ मेला तो पिट्सबर्गसाठी खेळत होता. २०२५ मध्ये जोना टाँगने बिंगहॅम्प्टनला १०२ इनिंगमध्ये १६२ स्ट्राइकआउट घेतले. सिरक्यूजला तो फक्त दोनदा खेळला आणि ऑगस्टअखेर मेट्सकडे गेला. कॅम श्लिट्लर त्याच वर्षी ब्रिजवॉटरला सुरुवातीचे दोन महिने, मूझिकला जेमतेम पाच आठवडे होता. ९ जुलैला यांकीजकडून पदार्पण, आणि ऑक्टोबरमध्ये बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठ इनिंग, शून्य धावा, बारा स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार बॉलवर फुकट मिळणारा बेस) नाही. ड्रू थॉर्प तर २०२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या डबल-ए संघातून थेट शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला, ट्रिपल-एचं तोंडही न पाहता. (डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजने हुआन सोटो मिळवताना त्याला सॅन डिएगोला दिलं होतं, तिथून तो शिकागोकडे गेला; यांकीजकडचा शेवटचा मुक्काम ब्रिजवॉटर.) स्कीन्ससारखा पहिल्या क्रमांकाचा पिचर डबल-एतही दोनच सामने दिसला हे खरं. पण असे दर वर्षी येत नाहीत.

डबल-एला नावं ठेवायला जागा नाही असं मात्र नाही. ब्रिजवॉटर ब्राँक्सच्या जवळ, त्यामुळे रिहॅबचा त्रास इथेही होतो. २०२४ च्या जूनमध्ये गेरिट कोल इथेच पुनरागमनाची पहिली पाळी खेळला. अशा रात्री तिकीट मिळत नाही, आणि मिळालं तरी तरुण पिचर कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी खोड आकड्यांची: डबल-एतला पिचर कधीकधी नेमून दिलेलं काम करत असतो. आज उजव्या बॅटरला उजव्या हाताचा चेंजअप टाकायचाच, मार पडला तरी. त्या दिवशीचे चार रन कागदावर वाईट दिसतात, प्रत्यक्षात तो गृहपाठ असतो. म्हणून डबल-ए निवडलं तर नुसता बॉक्स स्कोअर वाचून उपयोग नाही. वही लागते.

पहिल्या चेंडूच्या अर्धा तास आधी पोचा आणि थेट बुलपेनच्या, म्हणजे पिचर हात मोकळा करतात त्या जागेच्या, कुंपणापाशी जा. वॉर्मअपमध्ये पिचर प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्हने कॅचरला सांगतो काय येतंय: ग्लोव्ह पुढे झटकला की फास्टबॉल, वरून खाली वळवला की कर्व्ह, बाजूला फिरवला की स्लायडर, स्वतःकडे ओढला की बहुधा चेंजअप. पाच मिनिटांत त्याच्या पोतडीत काय काय आहे ते कळतं. मग सामन्यात मोजा की त्यातलं काय तो खरोखर वापरतोय. बुलपेनमध्ये चार प्रकार आणि २-० च्या काउंटवर (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) फक्त फास्टबॉल, असा पिचर पुढे स्टार्टर म्हणून टिकायला जड जातो; संघ त्याला आज ना उद्या रिलिव्हर करतात.

जागा होम प्लेटच्या मागे, शक्यतो जाळीमागच्या आठ-दहा रांगांत घ्यावी. रडार गन घेऊन बसलेले लोक दिसतील, त्यांच्या मागची रांग उत्तम. वहीत चार रकाने पुरतात: पहिला चेंडू स्ट्राइक की बॉल, इनिंगमागे किती चेंडू, डावखुऱ्या बॅटरला काय टाकलं, आणि बेसवर माणूस असताना वेग किती उतरला. इनिंगला पंधराच्या आसपास चेंडू ठीक. वीस ओलांडले की चौथ्या-पाचव्यातच बुलपेन हलायला लागते. फोनवरचं स्टॉपवॉचही वापरा: पिचरची पहिली हालचाल ते कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज. १.३ सेकंद चांगलं, दीडच्या पुढे गेलं की पहिल्या बेसवरचा माणूस पळणारच. बॅटिंग ऑर्डरची तिसरी फेरी सुरू झाली की पान उलटा आणि नव्याने लिहा, कारण तिथे बहुतेकांचा दुसराच चेहरा दिसतो.

ट्रिपल-ए कुणी घ्यावं? ज्याला एकाच संघाचा ध्यास आहे आणि पुढच्या महिन्यात वर कोण जाणार हे आधी कळायला हवं, त्याने. ज्याला संध्याकाळी घरी बसून वळणाचे आलेख बघण्यात रस आहे, त्यानेही. पण मग मूझिकपर्यंत गाडी हाकण्यापेक्षा सामना पडद्यावर बघितलेला बरा, आकडे तसेही घरबसल्या मिळतात. जाऊन बघण्यातला फायदा डबल-एतच जास्त. ब्रिजवॉटरला एक जास्तीची सोय अशी की फक्त यांकीजचे पिचर दिसतात असं नाही. ईस्टर्न लीगमधून बिंगहॅम्प्टनबरोबर मेट्सचे, रेडिंगबरोबर फिलीजचे, पोर्टलंडबरोबर रेड सॉक्सचे पिचर येतात. मेट्सच्या चाहत्याला सिरक्यूजला चार तास हाकत जाण्याची गरज नाही. बिंगहॅम्प्टनची मालिका कुठल्या आठवड्यात आहे तेवढं बघायचं. गाडी नसेल तर रॅरिटन व्हॅली मार्गावरचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला लागूनच आहे.

एप्रिलची तिकिटं मात्र काढू नका. थंडीने बोटं आखडतात, चेंडू हातात बसत नाही, वेगही उतरलेला दिसतो. त्या महिन्यात चांगला पिचरही वाईट वाटतो. मेच्या मध्यापासून घरच्या दोन लागोपाठच्या मालिका निवडा, रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे स्टार्टर बघा, आणि दोन्ही वेळा एकाच पिचरचा वार धरा.