बंबाचं वायरलेस ऐकायचंय? स्कॅनर, डोंगल की हॅमचा हँडसेट

माझा भाचा मानवतला एका जिनिंगवर सुपरवायझर आहे. गेल्या हंगामापासून तो एकच विचारतोय : "मामा, फायर ब्रिगेडचं वायरलेस ऐकू येईल असा स्कॅनर घेऊ का?" त्याची ही निव्वळ हौस नाही. कापसात एखादा खिळा किंवा खडा येतो, जिनमध्ये ठिणगी उडते आणि बघता बघता रुईचा ढीग पेटतो. गावचा बंब पुरत नाही, मग पाथरी, सेलू, परभणीहून मागवावा लागतो. ते बंब कुठवर आले हे कळावं, एवढीच त्याची इच्छा. त्याच्यासारखा विचार करणारे जालना, लातूर, बीडकडेही असतील, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पर्याय तीन : फ्रिक्वेन्सी फिरवत ऐकणारा स्कॅनर, संगणकाला लावायचा डोंगल, आणि हॅमचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी चालवणाऱ्याचा, हँडसेट. आधी कायदा, कारण तिन्ही पर्यायांचा निकाल तिथेच बराचसा लागतो. १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ ठेवायला मनाई केली. त्यातली व्याख्या इतकी रुंद आहे की बिनतारी संपर्कासाठी वापरता येईल असं कुठलंही साधन तिच्यात बसतं, नुसतं ऐकणारंसुद्धा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी घ्यायची तरतूद आहे, आणि दुसऱ्यांचं संभाषण बेकायदा टिपलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून अग्निशमन दलाची किंवा पोलिसांची फ्रिक्वेन्सी शोधत बसू नका. आणि खरं सांगायचं तर ती ऐकून आग लवकर विझत नाही. वायरलेसवर "आग लागली" असं तुम्ही ऐकाल तेव्हा १०१ वर फोन होऊन गेलेला असतो, आणि ऐकून धावत आलेली माणसं अरुंद रस्त्यावर बंबाचीच वाट अडवतात.

मग स्कॅनरचे एवढे व्हिडिओ येतात कुठून? अमेरिकेतून. तिथे कितीतरी ठिकाणी अग्निशमन दलाचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं बोलणं पुन्हा दूरवर पाठवणारं यंत्र, आजही साध्या ॲनालॉग एफएमवर चालतो. आधी दोन सुरांचा टोन वाजतो, त्यावर स्वयंसेवक जवानांचे पेजर जागे होतात, मग पत्ता सांगितला जातो. घरी बसून हे ऐकणं तिथे बहुतेक ठिकाणी चालतं, गाडीत स्कॅनर ठेवायला मात्र काही राज्यांत बंधनं आहेत. ती पद्धत तिथल्या गावांच्या गरजेतून आली. आपल्याकडे ती तशीच उचलून आणता येत नाही.

आता यंत्रांकडे वळू. युनिडेनचा बीसी१२५एटी हा साधा, हातात धरायचा स्कॅनर. ५०० चॅनेल, भराभर फिरतो, सेलवर चालतो, लॅपटॉप लागत नाही. दिवसदिवस लाइट नसलेल्या गावात हा गुण मोठा आहे. पण त्याला फक्त ॲनालॉग कळतं. डिजिटल संभाषण लागलं की खरखर ऐकू येते, बास. डिजिटल उलगडणारा एसडीएस१०० अमेरिकेतच साडेसहाशे डॉलरच्या आसपास जातो, आणि संभाषण एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, केलेलं असेल तर त्याच्याही हाताला काही लागत नाही. वर आयात, कस्टम आणि परवान्याचा प्रश्न उरतोच. ज्या कामासाठी तो बनलाय तेच काम इथे करायचं नाही, तर एवढे पैसे कशासाठी घालायचे? माझं मत स्पष्ट आहे : मराठवाड्यातल्या माणसाने स्कॅनर घेऊ नये.

आरटीएल-एसडीआर डोंगलची गोष्ट वेगळी. मुळात हा लॅपटॉपवर टीव्ही पाहायचा यूएसबी तुकडा. त्यातली आरटीएल२८३२यू चिप रेडिओचा कच्चा सिग्नल थेट संगणकाला देऊ शकते हे २०१२ च्या सुमारास जगभर पसरलं आणि शिकणाऱ्यांना स्वस्तात प्रयोगशाळा मिळाली. तो एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा दाखवतो. आपल्या हॅमचा दोन मीटर बँड, म्हणजे त्यांना मिळालेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे नेमका दोन मेगाहर्ट्झ. अख्खा बँड एका पडद्यावर! कोण कुठे बोलतंय ते रेघांतून डोळ्यांना दिसतं, स्कॅनरसारखं एकेक चॅनेल चाचपावं लागत नाही. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा बोलतो, हे पुस्तकात दहादा वाचून जे समजत नाही ते डोंगलवर एकदा पाहिलं की समजतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी चित्रं पाठवतं. जुन्या लेखांत अमेरिकेच्या एनओएए या संस्थेच्या हवामान उपग्रहांची चित्रं पकडायला सांगितलेलं असतं, पण ते तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. आता रशियाच्या मेटिऑर उपग्रहांकडे वळावं लागतं.

डोंगलचे दोषही सांगतो. शहरात एफएम स्टेशनचा जोर इतका असतो की फिल्टर लावला नाही तर सगळीकडे गाणीच उमटतात. स्वस्त नकली तुकडे तापले की फ्रिक्वेन्सी सरकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ते तापणारच. टीसीएक्सओ, म्हणजे तापलं तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा भाग, असलेला अस्सल घ्या. आणि डोंगल बोलू शकत नाही.

इथे हॅमचा हँडसेट पुढे येतो. बाओफेंग यूव्ही-५आरसारखा सेट हळू स्कॅन करतो, फक्त एफएम ऐकतो, ऐकण्यात डोंगलच्या पासंगालाही पुरत नाही. पण तो बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपेत असलेलं किल्लारी उद्ध्वस्त झालं, तेव्हा मदतीला आलेल्या हॅमनी बिनतारीवरून निरोप पोचवले. मला हा रेडिओ प्रिय आहे तो यासाठी. विनापरवाना तो विकत घेऊ नका, ऑनलाइन सहज मिळत असला तरी. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियम घातलेत ते उगाच नाही.

हॅमच्या परवान्याची भीती बाळगू नका. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स, म्हणजे टिक-टॉकची सांकेतिक लिपी, लागत नाही आणि दोन मीटर बँड त्यात मिळतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो.

किती दूरवर ऐकू येईल, या अंतराचा हिशेब घराघरांत वेगळा निघेल. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, म्हणजे किलोमीटर मिळतात. रिपीटर शंभर मीटरवर आणि तुमची अँटेना गच्चीवर नऊ मीटरवर असेल तर साधारण ५४ किलोमीटर. बालाघाटचा डोंगर मध्ये आला तर त्याहून बरंच कमी. जमिनीवर उभी राहिलेली दोन माणसं हँडसेट घेऊन बोलली तर कागदावरच दहा किलोमीटर, आणि झाडं-घरांतून त्याच्या निम्मंही मिळणं कठीण. त्यामुळे पैसे टाकण्याआधी जवळच्या एखाद्या परवानाधारक हॅमकडे जा आणि तुमच्या तालुक्यातून काय ऐकू येतं ते त्याच्याच सेटवर ऐका.

भाच्याला मी हाच क्रम सांगितला : आधी परीक्षा, मग डोंगल, मग हँडसेट. बंब कुठवर आला ते चालकाला किंवा दलाच्या कार्यालयाला फोन करून विचारायचं. जिनिंगच्या हौदात पाणी किती आहे आणि बंब आत वळेल एवढं फाटक मोकळं आहे का, हे त्याने रोज संध्याकाळी बघायचं ठरवलंय. दोन मीटर बँडच्या अँटेनासाठी वायरिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणलीय. ४९ सेंटिमीटरचे पाच तुकडे, एक उभा, चार खाली पसरलेले. परवाना हातात आला की पाण्याच्या टाकीवर चढवू.